दारामागचा स्टिकर

आमच्या टीमच्या खोलीत एक हीटर आहे. त्यावर सगळ्यांचे ओले रेनकोट वाळत पडलेले असतात. आणि रेनकोट वाळेपर्यंत माणसाने करायचं काय? किस्से सांगायचे! एकीने एक सांगितला की दुसरीला दोन आठवतात. आता तर इतके साठलेत की कुठला कोणाबरोबर घडला तेही नीट आठवत नाही. फक्त एक फरक आहे. दुसऱ्यांच्या ऑफिसातले किस्से ऐकून लोक हसत घरी जातात. आमचे ऐकताना आधी हसतात, आणि मग कोणीतरी गुपचूप उठून चहा टाकतं.

मी मेधा. मूळची मिरजेची, नर्सिंगही तिथेच केलं. नवऱ्याला नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावात नोकरी लागली म्हणून इकडे आले, डच शिकले, परीक्षा दिल्या, आणि आता टिलबर्गमध्ये होम केअरचं काम करते. सायकलवरून घरोघरी जायचं, म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, औषधं द्यायची, पायांवर सूज येऊ नये म्हणून ते जीवघेणे घट्ट मोजे चढवायचे. समोर सगळ्यांना 'मेनेर' आणि 'मेव्राउ', म्हणजे साहेब आणि बाईसाहेब, म्हणते, पण घरी येऊन सांगताना तोंडातून आजी-आजोबाच निघतं. इथल्या लोकांना 'ध' जमत नाही, म्हणून मी त्यांची 'मेदा'. मैदा म्हणत नाहीत हेच नशीब!

आता स्टिकर. सरकारचं म्हणणं तसं सरळ आहे. लोकांच्या पैशातून सेवा दिली, तर ती खरोखर दिली हे दाखवता आलं पाहिजे. न गेलेल्या घरांची बिलं लावणारे महाभाग निघाले, म्हणून तपासणी कडक झाली. यात चूक काय? काहीच नाही. मध्यंतरी 'मिनिटं मोजायचं बंद करू या' असाही सूर वरून निघाला. आमच्या संस्थेने तो ऐकला, मान डोलावली आणि स्टिकर आणले!

नाण्याएवढा पांढरा स्टिकर, प्रत्येक क्लायंटच्या दारामागे चिकटवलेला. आत गेलं की फोन टेकवायचा, निघताना पुन्हा टेकवायचा. ठरल्या वेळेत झालं तर ऑफिसच्या स्क्रीनवर हिरवा ठिपका, नाही तर लाल. आमची टीमलीडर यानेके, जिचं सगळं आयुष्य याच कामात गेलं, ती पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाली, "इतकी वर्षं माणसं बरी आहेत का ते बघायचो. आता ठिपके बरे आहेत का ते बघू."

*

पहिला अडसर आला कॉरीआजींच्या घरी.

कॉरीआजी म्हणजे एकदम टापटीप. केस विंचरल्याशिवाय आंघोळीलाही जायच्या नाहीत! एका सकाळी मी गेले तर दारामागचा स्टिकर खरवडून काढलेला. नवा लावला, तोही दुसऱ्या दिवशी गायब. तिसऱ्या वेळेला यानेके स्वतः आली. आजींसमोर बसून तिने शांतपणे सगळं समजावलं: कोण आलं, कधी आलं, कधी गेलं, एवढीच नोंद होते, तुमच्याच भल्यासाठी आहे.

आजींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी शाळेतही जात नव्हते तेव्हा. युद्ध चालू होतं. आमच्या समोरच्या खिडकीत एक गृहस्थ बसायचे. आमच्याकडे कोण आलं, कधी आलं, कधी गेलं, ते बघायचे. एक दिवस जर्मन शिपाई येऊन माझ्या मामाला घेऊन गेले. तो परत आला नाही."

यानेकेच्या तोंडून निघून गेलं, "पण आजी, हा नियम आहे."

"हो ना," आजी म्हणाल्या. "तेव्हाही नियमच होता."

त्यानंतर त्या घरात स्टिकर लावायची कोणाची छाती झाली नाही. पण नोंद तर हवी! शेवटी यानेकेने तो बाहेर, अंगणातल्या कचऱ्याच्या डब्याच्या झाकणाखाली चिकटवला. सगळं सुरळीत चाललं. फक्त कचऱ्याची गाडी यायच्या दिवशी तो डबा गल्लीच्या टोकाला नेऊन ठेवलेला असतो, आणि फोन टेकवला की जागेचीही नोंद होते. त्यामुळे सरकारदरबारी बघायला गेलं तर आम्ही दर आठवड्याला एकदा कॉरीआजींना भर नाक्यावर आंघोळ घालतो!

*

एकदा ऑफिसातून फोन आला. "मेदा, तू इंडियन बोलतेस ना?"

म्हटलं, "मी मराठी बोलते. हिंदी कामापुरतं."

"चालेल, चालेल. तू जा."

सुखदेईआजी सुरीनामच्या, दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतल्या. त्यांचे आजी-आजोबा कधीकाळी हिंदुस्थानातून बोटीने तिकडे गेलेले, आणि या तरुणपणी तिकडून इकडे आलेल्या. जन्मभर फर्डं डच बोलल्या. पण विसरण्याचा आजार झाला आणि आधी डच गेलं. राहिली ती लहानपणची बोली, आपल्या भोजपुरीच्या जवळची. अंगाला कोणी हात लावला की ओरडायच्या. आमच्यातल्या दोघींना त्यांनी टॉवेलने मारलं होतं!

मी दारात उभी राहून म्हटलं, "आजी, नमस्ते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बघितलं, आणि एकदम हात धरून म्हणाल्या, "एतना दिन कहाँ रहली, बहिनी?"

त्यांची बहीण सुरीनामलाच राहिलेली. मी ती नाही हे सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते, आणि सांगावंसं वाटलंही नाही. बसले. त्या बोलत राहिल्या. अर्धं कळलं, अर्ध्याला मान हलवली. आई, नदी, कोणाचं तरी लग्न, कोणीतरी पळून गेलेलं. आणि मग बोलता बोलता त्या उठल्या आणि आपण होऊन बाथरूममध्ये गेल्या. अंगावर पाणी घेतलं, एकदाही ओरडल्या नाहीत. पाठ चोळताना मला म्हणतात, "हौले हौले, बहिनी."

बाहेर पडून फोन टेकवला. लाल! ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. फोन कारण विचारतो: क्लायंट पडला, डॉक्टर आले, दार उघडायला उशीर, इतर. मी 'इतर' निवडून लिहिलं, "बोलत होतो."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून उत्तर: "बोलणं ही मान्य सेवा नाही. कृपया योग्य कारण निवडा."

माझं डोकं फिरलं. यानेकेकडे गेले. म्हटलं, "न बोलता हिला आंघोळ घालून दाखवा म्हणावं!"

यानेकेने माझ्या हातातून फोन घेतला, 'दार उघडायला उशीर' यावर बोट ठेवलं आणि परत दिला.

म्हटलं, "अगं, पण हे खोटं आहे."

"का?" ती म्हणाली. "कुठलं दार, ते विचारत नाहीत."

*

हा किस्सा मी दिवाळीच्या जेवणाला सांगितला होता. बेस्टला आमचा मित्र प्रसाद राहतो, त्याच्याकडे जमलो होतो. नवऱ्याच्याच ऑफिसात आहे, फार हुशार. त्याला काय, प्रॉब्लेम दिसला की हात शिवशिवतात!

"मेधा, हे स्टिकर वगैरे अगदीच जुनाट आहे गं," तो चकली मोडत म्हणाला. "लोकेशनवर चालवायचं. तू घरात शिरलीस की आपोआप सुरू, निघालीस की आपोआप बंद. टेकवायची भानगडच नाही. कोण कोणाजवळ किती वेळ होतं ते सेकंदापर्यंत कळेल!"

सगळे आपापली मतं देऊ लागले. सर्व्हर, बॅटरी, प्रायव्हसी. प्रसादची आई, म्हणजे आमच्या काकू, कोपऱ्यातल्या खुर्चीत शाल घेऊन बसल्या होत्या. काका गेल्यावर प्रसादने त्यांना पुण्याहून थोड्या महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. दिवसभर घरात एकट्या. नात शाळेतून येते ती डचमध्ये बोलते.

काकू म्हणाल्या, "प्रसाद, मला पण लाव रे एक स्टिकर."

प्रसाद हसला. "तुला कशाला गं आई?"

"माझ्या खोलीच्या दाराला लाव. तू आत कधी आला होतास, ते तरी कळेल."

प्रसादच्या बायकोने चहा टाकला.

*

विमआजोबांचा किस्सा फातिमाचा आहे. फातिमा आमच्यात सगळ्यात बडबडी, मूळ मोरोक्कोची, पण जन्म टिलबर्गचा आणि बोली पक्की इथली. विमआजोबा तिच्यावर खूश. तिच्याशिवाय दुसरी कोणी आली की विचारायचे, "आज ती नाही का?"

एका शनिवारी ती त्यांच्याकडून निघाली आणि फोन टेकवायला विसरली. थंडी कडाक्याची, बॅटरी आधीच मान टाकत होती. रस्त्यात फोन बंद पडला. घरी जाऊन तिने तो बॅगेतच ठेवला, कारण रविवारी तिला सुट्टी. विमआजोबांकडेही रविवारी कोणी जायचं नसतं. म्हणजे कोणाचंच काही अडलं नाही.

फक्त सिस्टिमच्या मते फातिमा अजून विमआजोबांच्या घरातच होती.

घरच्यांसाठीही एक ॲप आहे. दूर राहणाऱ्या मुलांना दिसावं, आज आईकडे कोण आलं, बाबांकडे कोण आलं. विमआजोबांची मुलगी हार्लेमला राहते. रविवारी बाबांचा वाढदिवस, ती येणार होती. सकाळी बघते तर रुळांचं काम चालू, गाड्या रद्द, बस बदलत बदलत यावं लागणार. तिने ॲप उघडलं. बाबांच्या नावापुढे हिरवा ठिपका. 'केअर चालू आहे.' दुपारी पुन्हा बघितलं. चालू आहे. संध्याकाळी, चालू आहे. फोन केला होता तिने, पण बाबांना फोनची घंटा ऐकू येत नाही हे तिला माहीत होतं. तिला वाटलं, वाढदिवस म्हणून संस्थेने कोणाला तरी थांबवलंय. किती चांगली माणसं आहेत! ती आली नाही.

सोमवारी फातिमा गेली. बैठकीच्या खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या, इथे वाढदिवसाला मांडतात तशा. टेबलावर बेकरीतून आणलेला मोठा चेरीचा केक, सुरीही न लागलेला. विमआजोबा सुटाबुटात बसलेले. तोवर मुलीचा शेजाऱ्यांच्या फोनवरून निरोप पोचला होता.

फातिमाला वाटलं, आता रागावतील. पण ते अगदी खरोखर कोड्यात पडल्यासारखे तिच्याकडे बघत म्हणाले, "फातिमा, तू काल दिवसभर इथेच होतीस म्हणे. मग केक का नाही खाल्लास?"

फातिमा आम्हाला हे सांगताना आधी हसली, त्यांची नक्कलही केली. मग "आले हं" म्हणून बाथरूममध्ये गेली, आणि कितीतरी वेळ नळ वाहत होता.

*

स्टिकरवर मनापासून प्रेम करणारा एकच माणूस मी बघितला. तोनआजोबा!

टिलबर्गमध्ये पूर्वी लोकरीच्या गिरण्या होत्या. तोनआजोबा शाळा सोडून गिरणीत लागले ते गिरणी बंद पडेपर्यंत. आत जाताना हजेरीच्या घड्याळात कार्ड टोचायचं, बाहेर पडताना कार्ड टोचायचं. मी पहिल्यांदा फोन टेकवला तेव्हा त्यांचे डोळे चमकले. "अरे, तुमच्याकडेही कार्ड आहे!"

त्यानंतर मी कधी विसरले नाही, कारण ते विसरूच द्यायचे नाहीत. मी आत पाऊल टाकलं की आतून आरोळी, "मेदा, कार्ड!" निघताना चप्पल घालेपर्यंत पुन्हा, "कार्ड!" फुफ्फुसं लोकरीच्या धुळीने गेलेली, दोन शब्द बोलले की धाप लागायची. पण या एका शब्दाला दम पुरायचा.

मला एकदा म्हणाले, "गिरणी बंद झाली त्या दिवशीही मी टोचलं. मुकादम म्हणाला, आता कशाला? मी म्हटलं, आत आलेला माणूस बाहेर गेला हे कुठेतरी लागायला नको?"

मग ते पडूनच राहिले. हाउसआर्ट्स, म्हणजे त्यांचे नेहमीचे फॅमिली डॉक्टर, येऊन मॉर्फिन सुरू करून गेले. शेवटच्या सकाळी यानेके आणि मी दोघी होतो. तिने त्यांचं तोंड पुसलं, मी कूस बदलली. त्यांनी डोळे उघडले. मला ओळखलं की नाही, कोण जाणे.

"शिफ्ट सुटली का?"

मी यानेकेकडे बघितलं. तिने मान डोलावली.

"सुटली, आजोबा," मी म्हटलं. चक्क मराठीत 'आजोबा' म्हटलं.

त्यांनी कान देऊन काहीतरी ऐकण्याचा प्रयत्न केला. कपाळावर आठी आली.

"मग भोंगा का नाही वाजला?"

*

आणि हा माझा. तसा अगदी छोटा आहे.

रीतआजींकडे मी पुष्कळ दिवस जात होते. त्या आणि त्यांचे यजमान पीतआजोबा, दोघंच. पीतआजोबा तब्येतीने ठणठणीत, त्यांना आमची काहीच गरज नव्हती, म्हणून नाव फक्त रीतआजींचं. मी आजींचं करत असताना ते स्वयंपाकघरात कॉफी करायचे. मी कधी प्यायले नाही, वेळच नसायचा. तरी रोज करायचे, रोज विचारायचे, आणि मी रोज म्हणायचे, "पुढच्या वेळी नक्की!"

रीतआजी गेल्या. झोपेतच गेल्या, त्रास नाही झाला. आम्ही तिघीजणी अंत्यविधीला जाऊन आलो. ऑफिसने त्यांची फाइल बंद केली.

थोड्या दिवसांनी यानेके म्हणाली, "मेदा, पीतकडे एकदा जाऊन ये. आपल्या प्लॅनमध्ये बसत नाही, तुझ्या वेळेत जावं लागेल."

मी गेले. पाऊस होता. बेल वाजवली, पीतआजोबांनी दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. मला बघून मनापासून आनंद झाला त्यांना. "ये, ये! आज तरी कॉफी घेणार ना?" म्हणत ते आत स्वयंपाकघराकडे वळले.

मी रेनकोट काढला, खुंटीला लावला. दार लावून घेतलं. दारामागे स्टिकर तसाच होता, कोणी काढायला आलंच नव्हतं. आणि हाताला सवय! काही विचार मनात यायच्या आत मी फोन काढून टेकवलासुद्धा.

हातमोजे घातलेले असताना स्क्रीन नीट चालत नाही, म्हणून हिवाळ्यात मी फोनचा आवाज चालू ठेवते. त्यातली ती बाई फार खणखणीत, स्वच्छ डच बोलते. म्हणाली,

"क्लायंट सापडला नाही."

मी फोन छातीशी दाबून धरला. पण आवाज आतपर्यंत गेलाच होता. कपांचा आवाज थांबला. पीतआजोबा स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात कॉफीचा चमचा. चेहऱ्यावर कसली म्हणजे कसलीच तक्रार नाही.

"हो ना, मलाही नाही सापडत," ते म्हणाले. "खालचं सगळं बघून झालं. तू जरा वर बघून येतेस?"

मी बूट काढले आणि जिना चढून वर गेले.